ट्रंकेत १७ व्हीएचएस कॅसेट आहेत, लावायला यंत्र नाही

सांजवात

आई फेब्रुवारीत गेली. चिपळूणचं घर आवरायला घेतलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. जुलै २०२१ च्या पुरानं तळमजल्यावरचं काही ठेवलं नव्हतं, ही ट्रंक वर होती म्हणून राहिली. आत आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या १७ व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओच्या, कॅसेट. प्रत्येकीच्या पाठीवर आईच्या अक्षरात चिठ्ठी. ‘बाळूची मुंज’. ‘गौरी १९९१’. ‘ताईचं लग्न, भाग २’ (भाग १ कुठे आहे ते सांगायला आता कुणी नाही). आणि एकीवर नुसतं ‘आजी, ओव्या’.

मामा तेव्हा मस्कतला होता. १९९० च्या मे महिन्यात तो खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला होता. आजीला त्यानं मागीलदारी जात्यावर बसवलं आणि म्हण म्हणाला. ती आधी लाजली, मग दळता दळता तासभर म्हणत राहिली. मी तिथेच होते, नऊ वर्षांची. १९९४ साली आजी गेली. माझ्या मुलींनी तिचा आवाज कधी ऐकलेला नाही.

कॅसेटच्या खिडकीतून आत बघितलं तर फितीच्या गुंडाळीवर कडेकडेनं पांढरे, कापसासारखे तंतू दिसतात. १७ पैकी सहा कॅसेटना आहेत. ओव्यांच्या कॅसेटलाही आहेत.

दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय. आमच्या या एका घरात आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता, बाबांचा टू-इन-वन होता, मामाचा व्हिडिओ कॅसेट लावायचा व्हीसीआर, मग व्हीसीडी प्लेअर, मग भावाचा डीव्हीडी प्लेअर. आता भिंतीवरच्या टीव्हीतच सगळं. नवीन यंत्र आलं की जुन्यातलं आपोआप पुढे येईल, असं आम्ही धरून चाललो. बाजारात विकत मिळणारं सगळं आलंसुद्धा. सिनेमे आले, नाटकं आली, अभंग आले. आजी आली नाही.

तर विचारायचंय ते असं. बुरशी लागलेल्या कॅसेटचं काय करायचं? चालू स्थितीतला व्हीसीआर कुठे मिळेल? दुकानात द्यावं की घरी करावं? आणि तुमच्या घरातल्या कॅसेट-तबकड्यांचं काय झालं, तेही लिहा. माझ्यासारखे बरेच जण असणार.

लोखंडी_पेटी

ताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी पुण्यात १९८६ ते २००९ व्हीसीआर-टीव्ही दुरुस्तीचं काम केलं, त्या अनुभवावर सांगतो. सगळ्यात आधी, ती कॅसेट कुठल्याही यंत्रात घालू नका. कुणी कितीही म्हणालं, ‘लावून तर बघू’, तरी नाही.

कारण सांगतो. व्हीसीआरमध्ये फीत वाचणारे हेड एका चकचकीत ड्रमवर बसवलेले असतात आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. फीत मात्र सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. चित्र फितीवर तिरक्या रेघांत लिहिलेलं असतं, ड्रमचा एक फेरा म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र. एवढ्या वेगात बुरशीचा एक तंतू हेडच्या फटीत बसला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. आणि त्याच यंत्रात पुढची कॅसेट घातलीत की तिलाही तीच बुरशी. एका बुरसटलेल्या कॅसेटनं व्हिडिओ लायब्ररीचे चार-चार व्हीसीआर बंद पडलेले मी पाहिलेत.

काय करायचं:

बुरशीच्या सहा कॅसेट बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा. प्रत्येकीला वेगळी पिशवी, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून दोन-तीन आठवडे ठेवा. बुरशी ओली असते तोवर चिकटते, वाळली की भुकटी होते. उन्हात मात्र ठेवू नका, कवच वाकतं आणि फीतही. वाळल्यावर कॅसेट उघडायची. मागच्या बाजूला पाच स्क्रू असतात, सोडवले की वरचं झाकण निघतं. आतल्या रिळांची जागा आणि फितीचा मार्ग यांचा आधी मोबाइलवर फोटो काढा. हे काम घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून. रिळाच्या कडेची भुकटी मऊ ब्रशनं झटका, मग धागे न सुटणाऱ्या कापडातून फीत हातानं हळूहळू सरकवत दुसऱ्या रिळावर घ्या. कंटाळवाणं काम आहे, एका कॅसेटला दोन-तीन तास जातात. नंतर ती रिळं दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवा. कोरी किंवा नको असलेली एखादी कॅसेट त्यासाठी फोडली तरी चालेल.

हेड साफ करताना शॅमॉय कातडं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. कातडं एका जागी स्थिर धरायचं आणि ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासलंत तर हेड तुटलाच म्हणून समजा.

ओव्यांची कॅसेट सगळ्यात शेवटी घ्या. आधी ज्या गेल्या तरी चालतील अशा दोन कॅसेटवर हात बसू द्या.

पिक्सेल

चांगला धागा. पण एक म्हणेन, यात हळहळण्यासारखं फार नाही. चित्र सुधारत गेलं म्हणून जुनं गेलं. व्हीएचएसवर आडव्या दिशेनं धड २५० रेघांचाही तपशील मिळत नाही. डीव्हीडी आली तिनं दुप्पट दिला, ब्लू-रेनं त्याच्याही पुढे नेलं. चांगलं आलं की वाईट जातं.

दर्यासारंग

पिक्सेल, चित्र चांगलं म्हणून जिंकलं असतं तर घरोघरी व्हीएचएसऐवजी बेटामॅक्स कॅसेट असती. सोनीनं ती १९७५ ला आणली. पुष्कळ जाणकार तिच्या चित्राला झुकतं माप द्यायचे. पण पहिल्या बेटामॅक्स कॅसेटवर तासभरच मावायचं. जेव्हीसीनं १९७६ ला व्हीएचएस आणली ती दोन तासांची, आणि तिचा परवाना दुसऱ्या कंपन्यांना मोकळ्या हातानं दिला. लांबी आणि परवाना, खेळ तिथेच ठरला. १९८८ ला सोनीला स्वतःलाच व्हीएचएसची यंत्रं काढावी लागली.

आता आपल्याकडचं बघा. आपला हिंदी सिनेमा पावणेतीन-तीन तासांचा. ई-१८० ही व्हीएचएस कॅसेट १८० मिनिटांची. अख्खा सिनेमा, मध्यंतरासकट, एका कॅसेटमध्ये. भाड्यानं देणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं?

आमच्या वाडीत (मालवणच्या जवळ) १९८५-८६ च्या सुमारास गणपतीत व्हीसीआर भाड्यानं यायचा. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, एका रात्रीचं भाडं, घरटी वर्गणी. सामान रिक्षातून यायचं, टीव्हीला दोन्ही बाजूंनी गोधड्या लावलेल्या. ज्याचा व्हीसीआर असायचा तो माणूसही सोबत यायचा, कारण दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. खळ्यात पाट, चटया, बायका एका अंगाला, पोरं अगदी टीव्हीच्या नाकाशी. पहिला सिनेमा देवाधर्माचा, तो म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा. तिसऱ्याच्या वेळी पहाट झालेली असायची आणि अर्धी वाडी तिथेच झोपलेली. मध्येच चित्राला पट्टा पडला की तो माणूस उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा आणि सगळे श्वास रोखून बघायचे.

त्या चित्राच्या रेघा कुणी मोजल्या नाहीत. आमच्या गावाला तिकिटाचं थेटर २० किलोमीटरवर होतं.

तबकडी७८

दर्यासारंग यांनी लांबीचा मुद्दा काढला म्हणून थोडं मागे जातो.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. तासभर फुलवायचा राग तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे आलाप किती, बंदिश कधी, तान कुठे, सगळं नव्यानं ठरवावं लागलं. आपल्या नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या कानाला बसलेल्या लांबीतही या तबकडीचा हात आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी गाणारी व्यक्ती आपलं नाव मोठ्यानं सांगते. मूळ ध्वनिमुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना कुठली कोणाची ते कळावं, म्हणून ती सोय होती. आज ती ओळख ऐकताना अंगावर काटा येतो.

त्या तबकड्या लाखेच्या. लाख पुष्कळशी आपल्या छोटा नागपूरकडची, साता समुद्रापार जाऊन तबकडी होऊन परत यायची. हातातून पडली की संपली.

आता गंमत बघा. अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची एलपी १९४८ ला आली आणि दहाएक वर्षांत तिथली ७८ ची तबकडी संपली. आपल्याकडे ती १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होती. कारण वीज. एलपीच्या यंत्राला वीज लागते. चावीचा ग्रामोफोन चावी देऊन वाजतो. ज्या गावात खांब पोचला नव्हता तिथे जुनी तबकडी हीच कामाची. पुढे कॅसेट खेड्यात धावली तीही याच कारणानं, चार मोठे सेल घातले की टेप शेतात सुद्धा वाजतो.

अवांतर: गायिका केसरबाई केरकरांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची एक रचना १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीवर घातली गेली. गोव्यातल्या केरीची ही बाई. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ती तबकडी पाठवणाऱ्यांनी सोबत सुई आणि ती बसवायचं काट्रिजही ठेवलं, आणि वेष्टनावर ती कशी वाजवायची त्याची चित्रं कोरली. नुसती तबकडी पाठवून भागणार नाही, ही जाण त्यांना होती. सांजवात यांची ट्रंक वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

मांडवी

केरीचा उल्लेख वाचून बरं वाटलं. गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे तियात्रांच्या (आमच्या कोकणी नाटकांच्या) कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, कॅसेट घरोघरी होत्या, पुढे अख्ख्या तियात्राच्या व्हीसीडी आल्या. कुवेतला, बहारीनला माणसं असलेल्या घरांतून त्या सामानात घालून पाठवल्या जायच्या. त्यातले कितीतरी नट आता नाहीत. माझ्याकडे ४० व्हीसीडी आहेत, दहा-बारा वाचल्याच जात नाहीत. वाचतोय, वाचतोय करत यंत्र घरघरतं आणि थांबतं.

पिक्सेल

दर्यासारंग, बेटामॅक्सचा मुद्दा मान्य. पण ब्लू-रे आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या एचडी डीव्हीडीचं काय? तिथे जास्त जागा असलेली ब्लू-रे जिंकली, एका थरात २५ जीबी विरुद्ध १५.

दर्यासारंग

जागेचा भाग होता, नाही म्हणत नाही. पण सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रेचं यंत्र बसवूनच आलं होतं, खेळासाठी घेतलेल्या खोक्यातून ते लाखो घरांत शिरलं. जानेवारी २००८ मध्ये सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर कंपनीनं एचडी डीव्हीडी सोडायचं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडी काढणाऱ्या तोशिबानं हात वर केले. दोघांचं चित्र डोळ्यांना सारखंच होतं.

आणि व्हीसीडी विसरलात? १९९३ ची पद्धत, चित्र ३५२ बाय २८८. जोरात हालचाल झाली की पडद्यावर चौकोन चौकोन. एका तबकडीवर ७४ मिनिटं, म्हणजे आपल्या सिनेमाला दोन, कधी तीन तबकड्या. चांगल्या स्थितीतल्या व्हीएचएसपेक्षा काही वरचढ नव्हतं. अमेरिकेत, युरोपात तिला कुणी विचारलं नाही. आपल्याकडे, चीनमध्ये, आग्नेय आशियात तिनं कॅसेटला घरातून बाहेर काढलं. तबकडी स्वस्त, प्लेअर स्वस्त, दमट हवेत बुरशी नाही, रिवाइंड नाही. २००७ च्या सुमाराला मोझर बेअरनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा भाड्यानं आणायचं कारणच उरलं नाही. आमच्या तालुक्याच्या गावची व्हिडिओ लायब्ररी तेव्हाच संपली. त्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान झालं.

निळीशाई

सगळे सिनेमाबद्दल बोलताय, मला कॅसेटबद्दल बोलायचंय, गाण्याच्या कॅसेटबद्दल. कारण माझ्या दृष्टीनं आपल्या घरात आलेलं ते सगळ्यात मोठं यंत्र.

फिलिप्सनं ती १९६३ ला दाखवली आणि पुढे परवाना फुकट दिला, म्हणून जगातल्या कुठल्याही कंपनीची कॅसेट कुठल्याही टेपमध्ये चालली. तबकडी काढायला कारखाना लागतो. कॅसेट काढायला एक खोली, दोन-चार टेप डेक आणि कोऱ्या कॅसेटचा खोका पुरतो. १९८० च्या आधी कुणाचा आवाज बाजारात यायचा ते एक-दोन मोठ्या कंपन्या ठरवायच्या. कॅसेट आली आणि नागपुरात, नांदेडात, औरंगाबादेत, परळ-दादरला छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. ज्यांना कुणी स्टुडिओच्या दारात उभं केलं नसतं त्या शाहिरांच्या, कव्वालांच्या, भजनी मंडळांच्या कॅसेट निघाल्या.

मी नागपूरची. दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या सोहळ्याला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली आहे. पुस्तकांच्या दुकानांना लागून कॅसेटची दुकानं, प्रत्येकाचा भोंगा वेगळा, एकात एक मिसळलेली भीमगीतं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर लांबूनच ओळखू यायचा. वडील गिरणीत होते. वर्षातून एकदा, त्या दिवशी, दोन कॅसेट विकत घ्यायचे. घरी आल्यावर आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे दात चमच्याच्या टोकानं मोडायचे, म्हणजे आम्हा पोरांच्या हातून चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये. मग रात्री लावायचे आणि शेजारचे दारात येऊन बसायचे.

ते दात मोडल्याचा ‘कट्’ असा आवाज अजून कानात आहे.

त्यातली किती गाणी पुढे सीडीवर आली? मोठ्या नावांची आली. छोट्या कंपनीची, एखाद्या गावच्या गायन पार्टीची, शंभर-दोनशे प्रती निघालेली कॅसेट कुणी सीडीवर काढली नाही. कंपनी बंद झाली, मूळ टेप कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. सांजवात ताई, तुम्ही लिहिलंत की विकत मिळणारं सगळं पुढे आलं. सगळं नाही आलं हो. भरपूर खपलेलं तेवढंच आलं. माझ्याकडे वडिलांच्या ६४ कॅसेट आहेत. त्यातल्या निदान २० कुठल्याही ॲपवर शोधून सापडलेल्या नाहीत.

सांजवात

निळीशाई, चूक कबूल. आमच्या घरात जे आलं तेवढ्यावरून मी लिहिलं. तुमच्या ६४ कॅसेटांची यादी कराल का? गायक, कंपनीचं नाव, वर्ष असेल तर वर्ष. इथेच टाका.

लोखंडी_पेटी, तुम्ही सांगितलंत तसं सहाही कॅसेट डब्यात ठेवल्या. सिलिका जेल बुटांच्या खोक्यांतून गोळा केलं, चालेल ना?

लोखंडी_पेटी

चालेल, पण आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून घ्या, जुन्या पुड्या ओल खाऊन बसलेल्या असतात. पुड्या वाळवायच्या, कॅसेट नव्हे. कॅसेटला उष्णता नको.

न्यूजर्सीकर

आमचं लग्न १९९२ ला सांगलीत झालं आणि महिन्याभरात आम्ही इकडे आलो. सहा महिन्यांनी सासऱ्यांनी लग्नाची कॅसेट पोस्टानं पाठवली. आम्ही चार मित्रांना जेवायला बोलावलं, कॅसेट लावली, आणि पडद्यावर वर सरकत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. आवाजही विचित्र. मी रडले होते, मला वाटलं कॅसेट पोस्टात खराब झाली.

ती खराब नव्हती. भारतात पाल, ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेघा, सेकंदाला जवळपास ३०. कॅसेट तीच, खाच तीच, आत बसते सुद्धा, पण यंत्राला ती वाचता येत नाही. मग एका इंडियन ग्रोसरीवाल्यानं सांगितलं की तो बदलून आणून देतो. त्याच्याच दुकानात डाळ-तांदळाच्या मागच्या भिंतीला हिंदी सिनेमांच्या कॅसेट भाड्यानं मिळायच्या. दर शुक्रवारी संध्याकाळी तिथे सगळे भेटायचे, मराठी बोलायला मिळायचं ते तिथेच. नंतर डीव्हीडी आली तर रीजनचं कुलूप. भारत पाचव्या विभागात, आम्ही पहिल्या. आईनं पाठवलेली नाटकाची डीव्हीडी पुन्हा लागेना, शेवटी सगळ्या विभागांचा प्लेअर आणला.

नेटफ्लिक्सच्या लाल पाकिटातल्या डीव्हीडी सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. ज्या दिवशी शेवटचं पाकीट परत टाकलं त्या दिवशी लक्षात आलं, आता आमच्या हातात काहीच येत नाही आणि काहीच परत करावं लागत नाही. यादीत असतं तोवर बघायचं. एक मराठी सिनेमा मी तीनदा पाहिला होता, चौथ्यांदा मुलाला दाखवायला गेले तर तो तिथून काढलेला. पैसे महिन्याच्या महिन्याला भरतो, पण घरात काही राहत नाही.

वाचनमात्र

एरवी लिहीत नाही, फक्त वाचतो. पण सांजवात ताईंना सावध करायला लिहितोय.

२००६ साली आमच्याकडच्या नऊ व्हीएचएस कॅसेट मी आमच्या शहरातल्या एका दुकानात देऊन डीव्हीडीवर घेतल्या. दुकानदार म्हणाला, आता शंभर वर्षं चिंता नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि जागा अडते म्हणून कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. २०१९ मध्ये वडील गेले, तेव्हा त्यांना बघावंसं वाटलं म्हणून डीव्हीडी काढल्या. नऊपैकी चार उघडल्याच नाहीत. तबकडी उजेडात धरली तर कडेनं रंग उडालेला, डाग पडल्यासारखा.

नंतर समजून घेतलं. बाजारातून विकत आणलेल्या तबकडीत खड्डे साच्यातून उठवलेले असतात. घरी किंवा दुकानात ‘भरलेल्या’ तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर तो थर जाळून लिहितो. ऊन, उष्णता, ओल यानं तो रंग विटतो. कॅसेट ठेवल्या असत्या तर आज पुन्हा काढता आलं असतं. वडिलांची षष्ट्यब्दी त्या चार तबकड्यांत होती.

ताई, मूळ कॅसेट टाकू नका. काम झाल्यावर सुद्धा.

लोखंडी_पेटी

वाचनमात्र, त्या चार तबकड्या फेकल्या नाहीत ना? वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, जुने संगणकाचे ड्राइव्ह कधीकधी नव्यांपेक्षा जास्त वाचतात. अर्धवट का होईना निघू शकतं. मला निरोप करा, माझ्याकडे पाच-सहा ड्राइव्ह आहेत. मांडवी ताई, तुमच्या दहा-बारा व्हीसीडींनाही हेच करून बघू.

सांजवात ताई, साठवण्याबद्दल. फार दाबून लहान केलेली फाइल घेऊ नका. डीव्ही या कमी दाबणाऱ्या डिजिटल पद्धतीनं घेतलं तर तासाला साधारण १३ जीबी लागतात. तुमच्या १७ कॅसेट तीन-तीन तासांच्या धरल्या तर ५१ तास, म्हणजे ६६३ जीबी. एक टीबीची डिस्क पुरते. दोन घ्या, एक चिपळूणला, एक मुंबईत. घरच्यांना पाठवायला लहान फाइल वेगळी करा.

व्हीसीआरचं म्हणाल तर नवीन मिळणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये शेवटचे व्हीसीआर काढले, सुटे भाग मिळेनात म्हणून. सोनीनं त्याच वर्षी मार्चमध्ये बेटामॅक्सच्या कॅसेट बंद केल्या, यंत्रं तर २००२ लाच बंद झाली होती. आता जगात जेवढे चालू व्हीसीआर आहेत तेवढेच, रोज कमी होणार. माझ्याकडे चार हेडचा एक आहे, रबरी पट्टे मी स्वतः बदललेत. कॅसेट घेऊन पुण्याला या. दुकानाकडे देऊ नका, डोळ्यासमोर करून घ्या.

पिक्सेल

वाचनमात्र यांचं वाचून माझ्या कपाटातला सीडी-डीव्हीडीचा डबा काढला. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची डीव्हीडी, २००८ ची. दोन वेळा अडकली पण निघाली. आज रात्री बसून बाकीच्या ३१ काढतोय. मी वर जे ‘हळहळण्यासारखं नाही’ म्हटलं ते मागे घेतो.

सांजवात

दीड महिन्यानं लिहितेय.

गेल्या शनिवारी पुण्याला गेले. लोखंडी_पेटी काकांच्या घरी, गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून, मास्क लावून आम्ही दोघांनी कॅसेट उघडल्या. त्यांनी पहिल्या दोन करून दाखवल्या, मग मला करू दिल्या. पाचवा स्क्रू सुटताना दरवेळी त्यांचा हात आपोआप पुढे यायचा, कारण झाकण उचललं की छोटी स्प्रिंग उडते.

ओव्यांची कॅसेट रविवारी दुपारी लावली. पहिली तीन-चार मिनिटं नुसत्या मुंग्या. काकांनी ट्रॅकिंग फिरवलं, नाही. थांबवून हेड पुसला, पुन्हा लावली. मग आवाज आधी आला. जात्याची घरघर. मला वाटलं यंत्र घरघरतंय, मी काकांकडे बघितलं, ते म्हणाले, ‘यंत्र नाही ते.’ आणि तेवढ्यात आजीनं ओवी उचलली.

चित्र वरच्या बाजूला वाकलेलं आहे, रंग उतरलेत, तिच्या नऊवारीचा हिरवा राखाडी दिसतो. मामाचा आवाज मध्ये मध्ये येतो, ‘मोठ्यानं म्हण गे’. ५२ मिनिटं. काकू स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत. शेवटच्या ओव्यांत तिनं सगळ्या नातवंडांची नावं गुंफली आहेत, माझंही आहे. हे मला आठवत नव्हतं.

१७ पैकी १५ निघाल्या. ‘गौरी १९९१’ फीत चिकटून बसलीय, काका म्हणतात घाई नको. एकीचं कवच फुटलंय, तिला दुसरं शोधतोय.

निळीशाई, तुमची यादी पूर्ण वाचली. त्यातल्या तीन कॅसेट इथल्या एका मैत्रिणीच्या वडिलांकडे आहेत, तिला धाग्यावर यायला सांगितलंय.

आणि एक नवीन अडचण. ट्रंकेच्या तळाशी, साडीच्या घडीत, अठरावी सापडली. ही लहान आहे, व्हिडिओ ८ ची, आठ मिलिमीटरची फीत. चिठ्ठी नाही. व्हीसीआरमध्ये ती बसत नाही, तिला तिचाच कॅमेरा लागतो आणि मामाचा कधीच विकला गेलाय. कुणाकडे व्हिडिओ ८ किंवा हाय ८ चा चालू कॅमेरा आहे का? मुंबई, पुणे, चिपळूण, गोवा, कुठेही येईन. कॅसेट स्वच्छ आहे, बुरशी नाही.

मांडवी

माझ्या भावाकडे हाय ८ आहे, म्हापशाला. बॅटरी गेलीय पण वायर लावून चालतो. शनिवारी बघून सांगते.